भांडवलशाही : भांडण्याआधी शब्द नीट समजून घेऊ



'भांडवलशाही शाप की वरदान?' असा विषय वादविवाद स्पर्धांच्या यादीत अधूनमधून येतोच. मुलं घरच्यांकडून किंवा मोबाईलवरून भाषण लिहून आणतात. एक जण सांगतो की भांडवलशाहीने गरिबांचं रक्त शोषलं. दुसरा सांगतो की तुझ्या खिशातला मोबाईल भांडवलशाहीनेच दिला. टाळ्या दोघांनाही पडतात. पण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत होते का, हे परीक्षकही विचारत नाहीत. आपण मोठी माणसं स्टाफरूममध्ये आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर काही वेगळं करतो असं मला वाटत नाही.

या लेखात कोण बरोबर याचा निकाल लावायचा नाहीये. हा वाद डोकं शांत ठेवून, पुरावे समोर ठेवून कसा घालता येईल ते पाहू. उदाहरण लांबचं नको, आपल्या उसाचंच घेऊ.

शब्दातच बाजू घेतलेली असते

मुलांना फळ्यावर हे शब्द लिहायला सांगा : लोकशाही, हुकूमशाही, नोकरशाही, झुंडशाही, भांडवलशाही. 'शाही' म्हणजे कोणाची तरी सत्ता, हे चौथीतलं मूलही सांगतं. आता बाजूला लिहा : समाजवाद, साम्यवाद. यांच्या शेवटी 'वाद' आहे, म्हणजे विचार. आपल्या भाषेने एकाला राज्य ठरवलं आणि दुसऱ्याला विचार. वाद सुरू व्हायच्या आधीच एक पारडं खाली गेलं! त्यात 'एखाद्या गोष्टीचं भांडवल करणे' हा वाक्प्रचारही आहेच. 'त्याने आजारपणाचं भांडवल केलं' असं आपण म्हणतो तेव्हा ते कौतुकाने म्हणत नाही.

उलट बाजूची मंडळीही कमी नाहीत. ते 'मुक्त अर्थव्यवस्था' म्हणतात. 'मुक्त' म्हटलं की विरोध करणारा आपोआप बेड्या घालणारा ठरतो.

या शब्दाचा इतिहासही गमतीचा आहे. ॲडम स्मिथला भांडवलशाहीचा जनक म्हणतात, पण 1776 साली आलेल्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात हा शब्दच नाही. आज आपण ज्या अर्थाने तो वापरतो त्या अर्थाने 1850 साली लुई ब्लाँ या फ्रेंच समाजवाद्याने तो वापरला, आणि तोही टीका म्हणून. कार्ल मार्क्सच्या 'कॅपिटल'चा पहिला खंड 1867 चा. त्यातही तो बहुतेक ठिकाणी 'भांडवली उत्पादन पद्धती' असं लांबलचक म्हणतो. थोडक्यात, हे नाव विरोधकांनी ठेवलं आणि समर्थकांनी पुढे स्वीकारलं. शाळेत ठेवलेलं टोपणनाव जन्मभर चिकटतं ना, तसंच.

एकाच शब्दाचे चार अर्थ

लोक 'भांडवलशाही' म्हणतात तेव्हा कोणाच्या मनात बाजार असतो. पैसे द्या, वस्तू घ्या, भाव मागणी-पुरवठ्यावर ठरेल. पण बाजार तर फार जुना. आपला आठवडी बाजार पाहा. कुंभार स्वतःच्या चाकावर स्वतः मडकी घडवतो, बाजारात आणतो, घासाघीस करून विकतो. चाक त्याचं, मेहनत त्याची, आलेला पैसाही त्याचा. इथे बाजार आहे, पण मालक आणि मजूर अशी विभागणी नाही. आता समजा एका व्यापाऱ्याने दहा चाकं विकत घेतली, दहा कुंभार रोजाने लावले, मडकी विकली आणि नफ्यातून अकरावं चाक घेतलं. साधनं एकाची, श्रम दुसऱ्याचे, आणि नफ्यातून पुन्हा धंदा वाढवणं. अर्थशास्त्राच्या पुस्तकात भांडवलशाही म्हणतात ती ही, आणि हा दुसरा अर्थ.

तिसरा अर्थ म्हणजे हाव. 'सगळं भांडवलशाही झालंय बघा' असं कोणी म्हणतं तेव्हा त्याला बहुधा एवढंच म्हणायचं असतं की माणसं पैशाच्या मागे लागलीत. पण हाव राजांना होती, जमीनदारांना होती, सावकारांना होती. 1875 साली पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरातली कर्जखतं बाहेर काढून जाळली. तिथे अजून ना कारखाना होता, ना शेअर बाजार. हाव हा भांडवलशाहीचा पुरावा धरला तर मग इतिहासातला प्रत्येक काळ भांडवलशाहीचाच म्हणावा लागेल.

चौथा अर्थ म्हणजे धंदेवाले आणि सरकार यांची मिलीभगत. ओळखीने मिळणारी कंत्राटं, परवाने, माफ होणारी कर्जं. गंमत अशी की याला दोन्ही बाजू शिव्या देतात. डावा म्हणतो ही खरी भांडवलशाही. उजवा म्हणतो छे, ही भांडवलशाहीच नाही, खरी स्पर्धा येऊ द्या. एकमेकांशी सहमत असून दोघं तासभर भांडतात!

तेव्हा वर्गात किंवा घरात हा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : तुम्हाला या चारपैकी कोणती म्हणायची आहे? माझ्या अनुभवाने अर्धे वाद इथेच मिटतात. उरलेला अर्धा खरा वाद असतो, आणि तो घालण्यासारखा असतो.

एक पीक, तीन मालक

खऱ्या वादासाठी नावं बाजूला ठेवून चार प्रश्न विचारावेत असं मी सुचवते. साधनांचा मालक कोण? निर्णय कोण घेतं? नफा उरला तर कोणाचा? आणि तोटा आला तर कोणाच्या अंगावर? शेवटचा प्रश्न लोक विसरतात. खरं तर तोच सगळ्यात जास्त सांगून जातो.

महाराष्ट्राच्या उसाइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलं नाही. कारण एकाच पिकावर आपल्याकडे तिन्ही प्रयोग झाले आहेत.

पहिला खाजगी. वालचंद हिराचंद यांनी 1933 साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावचा साखर कारखाना उभा केला. त्या काळातल्या खाजगी कंपन्यांच्या ताब्यात मोठमोठे मळे होते. नगर-सोलापूर भागात तर अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी कंपन्यांनी खंडाने घेतलेल्या. मालक कंपनी, निर्णय कंपनीचा, नफा भागधारकांचा. बरी बाजू सांगायची तर उजाड माळावर यंत्रं आणि रोजगार आणण्याची जोखीम त्यांनी स्वतःच्या पैशावर घेतली. वाईट बाजू अशी, की जमीन ज्याची होती तो स्वतःच्याच रानात परका झाला.

दुसरा सहकारी. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. 1950 साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, महाराष्ट्रातला पहिला. इथे मालक म्हणजे ऊस पिकवणारा सभासद. शेअर कितीही असोत, मत एकच. मला इथे थांबून मुलांना हे सांगावंसं वाटतं की जगातल्या फार थोड्या ठिकाणी साध्या शेतकऱ्यांनी एवढा मोठा कारखाना स्वतःच्या मालकीचा केला. त्यातून शाळा, कॉलेजं, दवाखाने उभे राहिले. हा 'पर्याय' कोणी पुस्तकात लिहिलेला नाही, आपल्या डोळ्यांसमोर उभा आहे.

पण म्हणून सहकार म्हणजे स्वर्ग नव्हे. त्यात सरकारचं भागभांडवल होतं, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी होती. म्हणजे नफा सभासदांचा आणि तोट्याचा मोठा वाटा सरकारी तिजोरीवर. मत एकच असलं तरी पॅनेल ठरवणारे पुढारी ठरलेले असायचे. 'साखरसम्राट' हा शब्द मराठीत उगाच आला नाही. अनेक कारखाने कर्जात बुडाले, विकले गेले, आणि विक्री योग्य भावाने झाली का यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. 1998 साली केंद्राने साखर उद्योगाची परवाना पद्धत उठवली. आज राज्यात गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी जवळपास निम्मे खाजगी आहेत. सहकाराच्या नावाने ज्यांचे आजोबा रडले-हसले, तीच घरं आज खाजगी कारखान्याला ऊस घालतात, कारण तिथे वजन चोख आणि पैसे वेळेवर मिळतात असं त्यांना वाटतं. काही ठिकाणी अगदी उलटही आहे. काटा मारल्याच्या तक्रारी दोन्हीकडे असतात.

तिसरा प्रयोग सरकारी. याची चर्चा फार कमी होते. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने खाजगी साखर कंपन्यांकडची जादा जमीन सरकारकडे आली आणि ती कसण्यासाठी 1963 साली राज्य शेती महामंडळ निघालं. हेतू चांगला होता. हजारो एकर सलग जमीन, सरकारी मालकी, शास्त्रशुद्ध शेती. प्रत्यक्षात महामंडळ तोट्यात गेलं, आणि ज्यांच्या जमिनी कंपन्यांनी खंडाने घेतल्या होत्या त्या खंडकरी शेतकऱ्यांना त्या परत मिळवायला पिढ्यान् पिढ्या झगडावं लागलं. कंपनी गेली, सरकार आलं, पण जमीन मिळायला पुढे कित्येक वर्षं गेली.

आता कोणी विचारेल, मग काय, तिन्ही सारखेच? नाही, सारखे नाहीत. प्रत्येकाचा बिघाड वेगळ्या ठिकाणी होतो. खाजगीत मालक आपलं हित पाहतो, पण त्याला बुडण्याची भीती असते. सहकारात आपुलकी असते, पण 'सगळ्यांचं ते कोणाचंच नाही' हा रोगही लागतो. सरकारी कारभारात उद्देश व्यापक असतो, पण चुकलं तर जाब कोणाला विचारायचा हेच कळत नाही. वाद घालायचा तर या पातळीवर घालावा : कोणता रोग लवकर दिसतो, आणि कोणता बरा करायला लोकांच्या हातात काही असतं?

ज्याला मत नाही त्याचं काय

इथपर्यंत मालकांबद्दल बोललो. पण ऊस तोडतं कोण? बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि हंगामभर तोडून ती फेडायची. मुक्काम फडाजवळच्या कोपीत. तोडणीचा दर टनावर ठरतो आणि तो कामगार संघटना व साखर संघ यांच्यातल्या कराराने ठरतो. उसाचा किमान दर मात्र केंद्र सरकार ठरवतं. 2024-25 च्या हंगामात 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 340 रुपये एफआरपी होती. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा करून शेतकऱ्याला पैसे मिळतात. एकाच उसाच्या कांडीत सरकारी दर, बाजारातली साखर, सहकारी काटा आणि मुकादमाची उचल असं सगळं एकत्र आहे. याला कोणत्या 'शाही'त बसवणार?

तोडणी कामगाराचा मालक कोण, हा प्रश्न विचारून बघा. शेतकरी म्हणतो, मी फक्त ऊस दिला. कारखाना म्हणतो, आमचा करार मुकादमाशी आहे. मुकादम म्हणतो, मी तर मध्यस्थ. आणि सहकारी कारखान्यातही या कामगाराला मत नाही, कारण ऊस उत्पादक सभासद व्हायला उसाची जमीन हवी. एक माणूस एक मत खरंच, पण आधी 'माणूस' म्हणून यादीत नाव यायला सात-बारा लागतो.

कारखाना खाजगी असो वा सहकारी, फडावर जाणारं मूल तेच. हंगामी वसतिगृहं निघाली, साखरशाळा चालल्या, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगारांसाठी कल्याण महामंडळ झालं. तरी दिवाळीनंतर आपल्यापैकी कितीतरी जणांच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या रांगा लागतात. माझं स्पष्ट मत असं आहे की कोणत्याही व्यवस्थेची बाजू घेणाऱ्याने या मुलाला समोर बसवून आपली बाजू मांडावी. 'मालकी बदलली की सगळं बदलेल' असं म्हणणाऱ्यानेही, आणि 'बाजार सगळं नीट करेल' असं म्हणणाऱ्यानेही.

स्वप्नाची तुलना गटाराशी नको

वादात सगळ्यात जास्त होणारी गडबड म्हणजे आपल्या बाजूचं स्वप्न आणि समोरच्याच्या बाजूचं गटार यांची तुलना. समाजवादी माणूस पुस्तकातला समाजवाद आणि प्रत्यक्षातली भांडवलशाही शेजारी ठेवतो. दुसरा पुस्तकातली निकोप स्पर्धा आणि प्रत्यक्षातला सोव्हिएत रशिया. नियम सोपा आहे : पुस्तक तर दोन्ही पुस्तकं, प्रत्यक्ष तर दोन्ही प्रत्यक्ष.

प्रत्यक्ष पाहायला गेलं तर कोणाचेच हात स्वच्छ नाहीत. चीनमध्ये 1958 नंतर शेती कम्यूनमध्ये ओढली गेली आणि कोट्यवधी माणसं उपासमारीने मेली. 1978 नंतर कुटुंबाला जमीन कसायला आणि वरचं धान्य विकायला परवानगी मिळाली, उत्पादन झपाट्याने वाढलं. हा बाजाराच्या बाजूचा भक्कम पुरावा आहे. पण 1943 साली ब्रिटिश अमलाखालच्या बंगालमध्ये लाखो लोक भुकेने मेले, तेव्हा मजुरांच्या हातात ते भाव परवडण्याएवढे पैसे नव्हते, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिलं. हाही पुरावाच. जर्मनीचे 1949 ते 1990 दोन तुकडे होते. भाषा एक, इतिहास एक. पश्चिमेत लोकांची कमाई वाढली, पूर्वेला माणसं पळून जाऊ नयेत म्हणून 1961 साली भिंत बांधावी लागली. त्याच पूर्वेत पाळणाघरांची सोय मोठी होती आणि नोकरी करणाऱ्या बायकांचं प्रमाण पश्चिमेपेक्षा जास्त होतं. पुरावा घ्यायचा तर अख्खा घ्यावा, आपल्याला गोड लागेल तेवढाच तुकडा तोडू नये.

आपल्या महाराष्ट्रातच या प्रश्नावर किती वेगवेगळी डोकी झाली पाहा. डॉ. आंबेडकरांनी 1947 साली मांडलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये शेती आणि महत्त्वाचे उद्योग सरकारी मालकीचे असावेत आणि तशी तरतूद घटनेतच करावी असा आग्रह धरला. गाडगीळ सहकाराकडे वळले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी म्हणाले की शेतकऱ्याला लुटणारं सरकारच आहे, भाव पाडणारी बंधनं काढा. तिघांनाही गरिबाची कळकळ होती, आणि तिघांची उत्तरं तीन दिशांची. मुलांना हे कळलं तरी पुष्कळ, की आपल्याशी असहमत असणारा माणूस वाईट असतोच असं नाही.

वर्गात कसं घ्यायचं

पाचवी ते सातवीला हा खेळ घेता येतो. वर्गाचे तीन गट करा, प्रत्येकाला शेंगदाणा-गुळाचे लाडू करून मधल्या सुट्टीत विकायचे आहेत. पहिल्या गटात एकच मूल सगळे पैसे घालेल, बाकीच्यांना मजुरी. दुसऱ्या गटात सगळे पाच-पाच रुपये घालतील आणि मत प्रत्येकाला एक. तिसऱ्या गटाचं सगळं आपण शिक्षकांनी ठरवायचं, काय करायचं आणि कितीला विकायचं. दोन दिवस चालू द्या. नंतर वर दिलेले चार प्रश्न विचारा. दुसऱ्या गटात हमखास एक वाद होतो : काम कमी केलं त्यालाही सारखाच वाटा का? आणि एक प्रश्न कधीतरी कोणीतरी विचारतंच : ज्याच्याकडे घालायला पाच रुपयेच नव्हते त्याने काय करायचं? त्याचं उत्तर लगेच देऊ नका. मुलांनाच शोधू द्या.

मग वादविवाद. पण बाजू मांडण्याआधी प्रत्येकाने समोरच्याचं म्हणणं अशा शब्दांत सांगायचं की समोरच्याने 'हो, मला हेच म्हणायचं होतं' असं कबूल केलं पाहिजे. तोवर स्वतःची बाजू मांडायची परवानगी नाही. आणि शेवटी प्रत्येकाला लिहायला सांगा : कोणती गोष्ट दिसली तर मी माझं मत बदलेन? ज्याला एकही ओळ सुचत नाही त्याला गुण कमी करू नका, एक दिवस जास्त द्या.

पालकांनी घरी करण्यासारखं म्हणजे दिवसभरात वापरलेल्या गोष्टींची यादी. एसटीने गेलो, ती सरकारी. दूध डेअरीचं, ती सहकारी. बिस्किटाचा पुडा खाजगी कंपनीचा. आणि आजीने थापलेल्या भाकरीचं बिल कोणी दिलं? यादी झाली की मुलाला विचारा, आपण कोणत्या व्यवस्थेत राहतो?

एक सूचना. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुमच्या गावात असतील तर हा पाठ दिवाळीच्या सुट्टीआधीच घ्या. नंतर घेतलात तर ज्या मुलांना यावर सगळ्यात जास्त माहिती आहे तीच वर्गात नसतात.